ट्रफलकर

संक्रांतीच्या हलव्याचा डबा संपत आला, तळाशी नुसते तुटलेले काटे उरले, की ट्रफलकर यूट्यूब उघडतो. वर्षभर त्याचा आणि स्वयंपाकघराचा संबंध पाण्याची बाटली भरून घेण्यापुरता. चहाची पूड कुठल्या डब्यात असते, हे त्याला आजही सांगता येणार नाही. पण जानेवारी सरायला लागला की हा गृहस्थ एकदम टक्केवारीत बोलायला लागतो. "सत्तर टक्के डार्क. त्याच्या खाली काही अर्थ नाही," असं तो लिफ्टमध्ये सांगतो. समोरच्याने "आज गाडी नाही काढलीत?" एवढंच विचारलेलं असतं.

ट्रफलकर हे कुणा एकाचं आडनाव नाही. ती जमात आहे आणि शीळफाट्याच्या आसपास तिची वस्ती दाट आहे. जुन्या पिढीच्या लेखी शीळफाटा म्हणजे नुसतं एक वळण होतं. एक्स्प्रेस-वे व्हायच्या आधी ठाण्याहून पुण्याला जाणारी एस्टी मुंब्रा मागे टाकून इथून पनवेलकडे वळायची. खिडकीपाशी झोपलेल्या माणसाला त्या वळणाने तेवढी जाग यायची. उतरायचं कुणालाच नसे. आता लोक इथे उतरतात, वीस वर्षांचं कर्ज काढतात आणि राहतात. टॉवरांची नावं इटलीतून नाहीतर स्पेनमधून आणलेली. पत्ता भूमध्य समुद्रावरचा, पाणी टँकरचं. अशाच एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर ट्रफलकर राहतो, महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला जातो, आणि जाता-येता गाडीत अडकून पडल्यामुळे जगातली बहुतेक पॉडकास्ट त्याची ऐकून झालेली आहेत. ज्ञान तिथून येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने पीठ आंबवून पाव केला होता. बरणीतल्या त्या आंबवणाचं बारसंही केलं होतं. मग डालगोना कॉफी फेटली. मग सायकल घेतली. सायकलवर सध्या टॉवेल वाळतात.

चॉकलेटचं वेड लागायला कारण घडलं ते असं, की त्याआधीच्या व्हॅलेंटाइनला त्याने बायकोला एअर फ्रायर दिला होता. सौ. ट्रफलकर त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, हेच कारण.

७ ते १४ फेब्रुवारी असा व्हॅलेंटाइनचा सप्ताह बसतो. ७ ला गुलाब, ८ ला मागणी, ९ ला चॉकलेट, पुढे अस्वल, वचन, मिठी वगैरे. चॉकलेटाचं प्रेमाशी लग्न लावण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते घराणं आपल्या ठाणेकरांच्या ओळखीचंच आहे. बर्मिंगहॅमच्या रिचर्ड कॅडबरीने १८६० च्या दशकात हृदयाच्या आकाराच्या खोक्यांतून चॉकलेटं विकायला काढली. १९४८ साली कंपनी भारतात आली, ठाण्यात पोखरण रोडला तिचा कारखाना झाला आणि आपल्याला कॅडबरी जंक्शन मिळालं. आता मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव. इतकी जवळची सोय असताना एक खोकं आणून द्यावं आणि मोकळं व्हावं. पण नाही. "विकतचं काय, कुणीही देतं," असं ट्रफलकर म्हणतो. ते ऐकताना विकतचंही न देणारे आम्ही शेजारी खाली मान घालून जिना उतरतो.

मग खरेदी. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत चॉकलेटच्या लाद्या, साचे, सोनेरी कागद, चांदीच्या रंगाचे गोल, सगळं किलोवर मिळतं. तिथे जाऊन ट्रफलकर दुकानदाराला कंपाउंड आणि कुव्हर्चर यांतला फरक समजावतो. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते, कुव्हर्चरमध्ये अस्सल कोको बटर. दुकानदार दोन्ही मालांच्या लाद्या रोज विकत असतो, तरी ऐकून घेतो. भाव ऐकल्यावर मात्र ट्रफलकर गप्प होतो आणि घरी येऊन आईला सांगतो की आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये पीक बुडालं, त्यामुळे २०२४ मध्ये कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. आई म्हणतात, "मग अर्धाच किलो आणायचं होतंस."

ट्रफलची कृती तशी दोन ओळींची आहे. क्रीम तापवायचं, चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, ढवळायचं. गार झालं की गोळ्या वळून कोको पावडरमध्ये घोळवायच्या. या दोन ओळींसाठी ट्रफलकरला सबंध ओटा लागतो, घरातली यच्चयावत पातेली लागतात, ग्रॅमचे दशांश दाखवणारा काटा लागतो आणि अन्नात खुपसायचा थर्मामीटर लागतो. थर्मामीटर घरात आल्यापासून कुठल्याच पदार्थाला नुसतं गरम म्हणण्याची सोय राहिलेली नाही. आमटीचं तापमान घेऊन झालं आहे. आईंच्या चहाचंही घेतलं गेलं, तेव्हा आई पहिल्यांदा चिडल्या.

खरी गंमत पुढे आहे. ट्रफलच्या गोळीला बाहेरून चॉकलेटचं पातळ कवच चढवायचं ठरवलं, आणि ट्रफलकर ते ठरवतोच, तर ते चॉकलेट आधी टेंपर करावं लागतं. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यांतल्या पाचव्या तऱ्हेनेच चॉकलेटला चकाकी येते, मोडताना टक् असा आवाज येतो. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, मग २७-२८ वर उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं. हे लिहिणाऱ्याच्या खोलीत १८-२० अंश असतात. शीळफाट्याला फेब्रुवारीच्या दुपारी खोलीच ३१-३२ वर बसलेली असते, तिथे पातेल्याने २७ वर उतरावं तरी कसं? म्हणून बेडरूममधला एसी लावला जातो, पातेलं पलंगावर चढतं, आणि वामकुक्षीसाठी तिथेच पडलेल्या आई अंगावर गोधडी ओढून घेत विचारतात, "हे अजून किती वेळ झोपणार आहे?" थर्मामीटरवर २८ उमटतो, आणि लाईट जाते.

पहिलं गनाश, म्हणजे हे क्रीम-चॉकलेटचं मिश्रण, तर कवचापर्यंत पोचतच नाही. पुस्तकातलं क्रीम पस्तीस टक्के स्निग्धांशाचं. आपल्या वाण्याकडे जे अमूलचं खोकं मिळतं ते पंचवीस टक्क्यांचं. चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग हे प्रमाण ट्रफलकरने काट्यावर अगदी चोख मोजलेलं असतं, पण मिश्रण सैल वाटतं. म्हणून तो आणखी चॉकलेट वितळवायला घेतो आणि नुकतीच धुतलेली पळी त्यात घालतो. थेंबभर पाण्याने वितळलेलं चॉकलेट आखडतं. डोळ्यांदेखत रेशमाची रेती होते. ट्रफलकर पळी हातात धरून पुतळा होतो, आणि मग पुतळा व्हिडिओ मागे नेऊन बघतो.

"बघू रे," म्हणून आई उठतात. थेंबभर पाण्याने आखडलेलं चॉकलेट वाटीभर गरम दुधाने पुन्हा सैल होतं, हे पुस्तकातही आहे. आईंनी पुस्तक वाचलेलं नाही. त्या दूध घालतात, मग दुधाची पावडर, साखर, आणि मंद आचेवर गोळा भांड्याला सुटेपर्यंत हलवत राहतात. तूप लावलेल्या ताटात थापतात, वर काजूची कतरण पेरतात, उलथन्याने रेघा मारतात. "लोणावळ्याला फज मिळतं ना, तसं होईल," एवढंच म्हणतात. ट्रफलकर त्या ताटाकडे बघतही नाही. त्याच्या लेखी ते प्रेत आहे.

दुसऱ्या घाण्याला तो चौथ्या मजल्यावरच्या काकूंना बोलावतो. बोलावतो म्हणजे त्या आपणहून येतात, वास त्यांच्यापर्यंत गेलेला असतो. काकू मूळच्या डोंबिवलीच्या, फडके रोडजवळच्या. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गात होममेड चॉकलेटची लाट आली, तेव्हा क्लास लावून शिकल्या आणि तेव्हापासून दर दिवाळीला ऑर्डरी घेतात. पाण्याच्या पातेल्यावर पातेलं ठेवून लादी वितळवायची, साच्यात ओतायची, बदाम किंवा कुरमुरे घालायचे, फ्रिजमध्ये ठेवायची, रंगीत कागदात गुंडाळायची. सगळं कंपाउंड. ट्रफलकर त्यांना कोको बटरबद्दल सांगायला लागतो. काकू ऐकून घेतात आणि म्हणतात, "अरे बाळा, माझं चॉकलेट दिवाळीत रिक्षाने बदलापूरला जातं आणि आहे तसं पोचतं. तुझं पलंगावरून ओट्यावर जात नाहीये."

माझं स्पष्ट मत आहे की या वादात काकू बरोबर आहेत. कंपाउंडला टेंपर करावं लागत नाही, उकाड्यात ते दम धरतं, आणि ज्या गावात भर दुपारी लाईट जाते त्या गावात यापेक्षा मोठा गुण नाही. चव कुव्हर्चरची सरस, हे मान्य. पण चव कळायला जिन्नस गोळीच्या आकारात तोंडापर्यंत यावा लागतो. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणूनच चॉकलेट जिभेवर विरघळतं. तळहातावरही ते त्याच कारणाने विरघळतं, हे जाहिरातीत सांगत नाहीत. ट्रफलकर बर्फाच्या पाण्यात हात बुडवतो, पुसतो, गोळी वळतो, काट्यावर ठेवतो, पंधरा ग्रॅमच्या वर गेली तर चिमूट काढतो, आणि तोवर काट्याचं तबकच चॉकलेटने माखतं. एकही गोळी दुसरीसारखी नसते. "रस्टिक लूक," असं तो म्हणतो. रात्रभर गोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या जातात. शेजारच्या डब्यात कोलंबीसाठी वाटलेलं आलं-लसूण, आणि कोको बटर आजूबाजूचा वास फार प्रेमाने ओढून घेतं.

२०२६ साली पंचांगानेही भर घातली. १४ फेब्रुवारीला शनिवार आणि १५ ला महाशिवरात्र. कल्याण-शीळ रोडवरच खिडकाळेश्वराचं देऊळ, आईंचा उपास ठरलेला. "उद्या मला एखादी चालेल का रे?" असं त्यांनी विचारलं आणि घरात परिसंवाद सुरू झाला. कोको धान्य नाही, क्रीम चालतं, साखर चालते. सगळं जमत आलेलं असताना ट्रफलकरने लादीच्या वेष्टनावर सोया लेसिथिन वाचलं. सोयाबीन उपासाला चालतं की नाही यावर काकूंनी दोन फोन केले. आईंनी शेवटी वरई टाकली.

१४ च्या संध्याकाळी बायको कामावरून लोकलने डोंबिवलीला उतरणार, आपण गाडी घेऊन स्टेशनला जायचं, आणि पार्किंगमध्ये खोकं पुढे करायचं, असा बेत होता. गोळ्या वितळू नयेत म्हणून थर्माकोलचा डबा हवा. तो शीळ गावातल्या मासळीवाल्या मावशींकडे मिळाला, बर्फासकट. "कंचा म्हावरा हाय रं यात?" असं मावशींनी विचारलं. "चॉकलेट," म्हटल्यावर त्यांनी बर्फ वाढवून दिला, पैसे घेतले नाहीत. सरप्राइज कुणाला कळू नये म्हणून ट्रफलकरने दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली "कुणी सांगू नका" असं लिहिलं होतं. त्या ग्रुपमध्ये सौ. ट्रफलकर आहेत. खजिनदारच आहेत.

काटई नाक्याच्या अलीकडे गाड्या थांबल्या. कल्याण-शीळ रोडवर गाड्या का थांबल्या हे विचारायचं नसतं. पुढे एखादा कंटेनर आडवा झालेला असतो, किंवा रस्त्याचं काम असतं, किंवा पुढच्यांच्याही पुढे कुणीतरी नुसतंच थांबलेलं असतं. अर्ध्या तासाने बायकोचा मेसेज आला. ऑफिसातल्या मैत्रिणीने महापेमार्गे घरापर्यंत सोडलं होतं. ती घरी पोचली होती, चहा झाला होता, आणि आईंनी समोर ताट ठेवलं होतं. "वड्या अफाट झाल्यात. तू केल्यास?"

कोंडीत उभ्या असलेल्या माणसाला विचार करायला वेळ भरपूर असतो. ट्रफलकरला लागला नाही. "हो," असं त्याने लिहिलं, पुढे लाल बदामही टाकला.

तो घरी आला तेव्हा डब्यात बर्फाचं पाणी, आणि पाण्यावर एकच, पण फार मोठं ट्रफल. त्याने ते चमच्याने वाढलं. सौ. ट्रफलकरांनी खाल्लं, "लसूण आहे का यात?" असं विचारलं, आणि आणखी एक चमचा घेतला. एअर फ्रायरच्या वेळी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्या मानाने ही प्रगती म्हणायला हवी.

तुमच्या मजल्यावर ट्रफलकर असेल तर त्याला हसू नका. माणूस निरुपद्रवी आहे, मनाने चांगला आहे, आणि वर्षातून एकदा का होईना, ओट्यापाशी उभा राहतो. त्याला दोनच गोष्टी सांगा. एक, कंपाउंड आण. दुसरं, आईंना आता पहिल्यासारखं वाकवत नाही, तेव्हा ती पातेली तुझी तू घास.