कृपया शांत खोलीत बसावे

मे महिन्यात शांत खोली मागणाऱ्या माणसाला एक तर अकोला ठाऊक नसतं, नाही तर मे महिना. माझ्या भाच्याला दोन्ही ठाऊक होतं. पुण्याला गेल्यापासून विसरला असावा. संगणक मराठी बोलतो ती कानाला कितपत बरी लागते, हे तपासायच्या कामावर तो आहे. त्यासाठी माणसांचे कान लागतात, आणि फुकटातले कान नातेवाइकांकडेच मिळतात. "मामाजी, फक्त लिंक उघडा. सगळं ब्राउझरमध्येच होते."

पहिली सूचना: शांत खोलीत बसा. आमच्याकडे खोली शांत करायची म्हणजे कूलर बंद करायचा. पारा पंचेचाळिसाच्या वर असताना. मी केला. पलीकडून लगेच बाबांचा आवाज आला, "काहून बंद केला रे कूलर? कोनाची परीक्षा हाय?"

परीक्षा माझीच होती, हे तेव्हा कळलं नाही.

दुसरी सूचना: हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथवाला आवाज पाठवताना तो स्वतःच पुन्हा दाबतो, म्हणून तो बाद. नव्या मोबाइलला तारेचं भोक नाही, हा माझा प्रश्न. मग तुमच्याजवळ खरंच हेडफोन आहे का, याची उलटतपासणी. तीन सूर वाजतात, त्यातला सगळ्यांत हळू कोणता ते सांगायचं. एमआयटीतल्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेली ही युक्ती आहे. एका सुराच्या लहरी डाव्या-उजव्या बाजूंना उलट-सुलट केलेल्या असतात. स्पीकरवर त्या हवेत एकमेकींना खातात, तो सूर उगाच हळू वाटतो, आणि खोटं बोलणारा सापडतो. सातबाऱ्यासाठीसुद्धा माझ्यावर इतका अविश्वास कोणी दाखवलेला नाही.

आवाज सुरू होईल म्हणून वाट पाहत बसलो. बटण दाबल्याशिवाय क्रोम 2018 पासून पानाला आपणहून बोलू देत नाही म्हणे. हा नियम माणसांना लागू झाला तर आमच्या गल्लीत लग्नसराई सोसवेल.

आता मुख्य चाचणी. तिचं नाव मुश्रा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं 2001 मध्ये नेमून दिलेली पद्धत. एकच वाक्य पाच-सहा आवाजांत ऐकायचं आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण द्यायचे. वाक्य होतं, "उद्या अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत तुरळक पावसाची शक्यता आहे." एका आवाजानं "तुर" म्हणून दम घेतला आणि मग "ळक" म्हटलं. दुसऱ्याला पावसाचा फारच आनंद झालेला. तिसरा स्वच्छ बोलला. चौथ्या बाई बऱ्या होत्या, पण शेवटचं "आहे" त्यांनी गिळलं. मी त्यांना सत्तर दिले.

त्या बाई म्हणजे अस्सल, हाडामांसाच्या. मूळ आवाज नमुना म्हणून समोर असतोच, शिवाय तोच न सांगता गर्दीतही लपवून ठेवलेला असतो. शंभरातल्या पंधरापेक्षा जास्त वाक्यांत त्याला नव्वदच्या खाली गुण दिले, तर ऐकणाराच बाद. आंब्याची फोड हातावर ठेवायची, "कसा आहे?" म्हणून विचारायचं, आणि गोड म्हटलं नाही तर गिऱ्हाइकाची जीभ खराब ठरवायची, असा हा व्यवहार. चेन्नईच्या आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटानं 2024 मध्ये हिंदी आणि तमिळ आवाजांवर हीच पद्धत तपासली. मूळ आवाज समोर ठेवला की ऐकणारा त्याच्याशीच जुळवत बसतो, असा आक्षेप त्यांनी नोंदवला. म्हणजे तक्रार माझी एकट्याची नाही. घाम तेवढा माझा एकट्याचा.

गर्दीत आणखी एक आवाज मुद्दाम बिघडवून ठेवतात. साडेतीन हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापायचं, म्हणजे जुन्या फोनसारखं भदं ऐकू येतं. त्याला तळाचे गुण मिळावेत अशी अपेक्षा असते. मी वीस देत होतो तेवढ्यात भंगारवाल्याची गाडी आली. त्याच्या कर्ण्यातून तसाच, किंबहुना त्याहून भदा आवाज निघत होता: "जुना कूलर, पत्रा, रद्दीवाले." मुश्रात त्याला दहासुद्धा मिळाले नसते. पण तिसऱ्या गल्लीतल्या काकू पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आल्या होत्या. शब्द न् शब्द पोचला होता.

शांत खोलीत, तारेच्या हेडफोनवर, शहाण्या कानांनी निवडलेला हा आवाज उद्या बोलणार कुठं? बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, शेतकऱ्याच्या मोबाइलवर, ट्रॅक्टर सुरू असताना.

शेवटी सूचनांचा रकाना होता. खाली "ऐच्छिक" असं लिहिलेलं, म्हणजे तो कोणी वाचत नाही. तरी लिहिलं: पुढची चाचणी मे महिन्यात, अकोल्याच्या बसस्थानकावर, दुपारी दोन वाजता ठेवावी. हेडफोन आमचे आम्ही आणू, तारेचे.