घोडं पेंड खातं कुठं?

भाचा कोल्हापूरचा, त्यामुळे गाडी कंपनीनं दिली तशीच चालवणं त्याला कमीपणाचं वाटतं. आजोबांच्या १९९६ सालच्या मारुती ८०० ला त्यानं रुंद चाकं घातली. सायलेन्सर असा बसवला की गल्लीतली कुत्री आधी उठतात आणि गाडी मागून येते. ताकद मात्र होती तेवढीच. एका रविवारी तो म्हणाला, "मामा, कॉम्प्रेशन वाढवायचंय. तेवढं गणित करून दे."

मी निवृत्त मास्तर. गणित म्हटलं की चष्मा आपोआप नाकावर येतो.

सुतळी बॉम्बची दारू कागदावर सुटी ओतून पेटवली तर नुसती फुस्स होते. तीच करकचून आवळली की शेजारी भांडायला येतात. इंजिनचंही काहीसं तसंच. हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटण्याआधी जितकं आवळाल, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. या इंजिनात ते ८.७ पट आवळलं जातं. भाच्याला साडेनऊ पट हवं होतं. हाताशी होती ती लग्नपत्रिका उलटी करून मी आकडे मांडले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकात साधारण २६५. पिस्टन अगदी वर आला की डोक्यावर उरणारी जागा ३४.५ सीसी, ती ३१.२ वर आणायची. फरक ३.३ सीसी. खोकल्याच्या औषधाचा चमचासुद्धा भरायचा नाही!

त्यासाठी सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, फेसिंगला गेलं. मिलिमीटरभर घासायचं होतं. "सर, आकडा पुन्हा बघा," मिस्त्री म्हणाले, "घासलेलं परत चिकटवता येत नाही." चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःचं उत्तर इतक्या धास्तीनं कधी पडताळलं नव्हतं.

फायदा किती? पाठ्यपुस्तकातल्या सूत्रानं अडीच टक्के. चाळिशीच्या आतबाहेरची घोड्यांची पागा; म्हणजे झाला एक घोडा. भाच्याचा चेहरा मात्र अख्खी रेस जिंकल्यासारखा.

पन्हाळ्याच्या चढावर तो घोडा पेंड खायला बसला. बॉनेटखालून कटकट, कटकट. जास्त दाबानं मिश्रण तापतं आणि ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपणच पेटतं. भटजींचं 'सावधान' व्हायच्या आत मागच्या रांगेतून अक्षता येतात ना, तसं. फरक इतकाच की इथं त्या पिस्टनवर पडतात.

मिस्त्रींनी दोन उपाय सांगितले. कायम जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घ्या. भाच्याच्या खिशाकडे बघून टायमिंग मागं गेलं. त्याबरोबर आणलेल्या घोड्यातला निम्माअधिक घोडाही गेला असावा, पण मिस्त्रींसमोर हे कोण बोलणार?

पुन्हा पन्हाळा. अर्ध्या वाटेवर भाजलेल्या कणसाचा वास आला, म्हणून मी उतरलो. भाचा एकटाच वर जाऊन आला. "मामा, काय पळतेय आता! फरक पडला बघ!"

गाडी साडेसहाशे किलोची, भाचा सत्तरचा, मी ब्याऐंशीचा. कणीस खाता खाता मी मनातल्या मनात भागाकार केला. माझ्या उतरण्यानं वजन दहा टक्के घटलं होतं. म्हणजे चार घोडे.

पत्रिका खिशातच होती. ती मी काढली नाही.