कोबा आणि कोपरा

सिमेंटचा कोबा डोळ्यांना नेहमी सपाटच दिसतो. जमीन वाकडी आहे हे आधी कळतं ते लोखंडी कपाटाला. त्याचं दार आपोआप उघडू लागतं. मग जेवणाच्या टेबलाला, कारण त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी कायमची राहायला येते. घरातल्या माणसांना मात्र मिस्त्री येईपर्यंत पत्ता नसतो.

मिस्त्री येतो तेव्हा आपण शोरूममधले फोटो घेऊन तयार असतो. चार बाय दोनची चकचकीत विट्रिफाइड. जन्म मोरबीचा, नाव इटालियन. तो फोटोकडे बघत नाही. पाणी भरलेली नळी काढतो, आत बुडबुडा अडकला नाही ना हे पाहतो, एक टोक बेगाऱ्याच्या हाती देतो आणि भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत जातो. (हल्ली लेझर आलाय. निकाल तोच.) मग जाहीर करतो, "साहेब, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सव्वा इंच फरक आहे." आवाजात दुःखाचा लवलेश नसतो.

जुनी शहाबादी मोठ्या मनाची. लाद्या लहान, सांधे रुंद, खाली मसाल्याचा जाड थर. प्रत्येक सांधा थोडा थोडा उतार गिळून टाकायचा. फरशीचा आकार वाढला तशी तिची सहनशक्ती घटली. चार फुटी टाइलखाली जरा उंचवटा राहिला की तिचा कोपरा वर येतो आणि पायाच्या अंगठ्याला रोज भेटतो. लॅमिनेटचे नखरे त्याहून मोठे. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली तर खाली तीनेक मिलिमीटरहून जास्त फट चालत नाही. नाहीतर पावलागणिक करकर, आणि पुढे फळ्यांच्या खाचा निसटतात. व्हिनाइल तर इतकं पातळ, की खालचा खडान् खडा वरून मोजून घ्यावा.

"भरून काढू," हे मिस्त्रीचं ठरलेलं उत्तर. पण सगळीकडे भरत गेलं की जमीनच वर येते. दारं खालून तासावी लागतात, बाथरूमची पायरी नाहीशी होते आणि आंघोळीचं पाणी हॉलमध्ये पाहुणं येतं. म्हणून आधी उंचवटे घासून काढावेत, मग खळगे भरावेत. टाइल चिकटवायचं केमिकल हे खड्डे बुजवायचं औषध नव्हे. ते थोड्या मिलिमीटरच्या थरासाठीच असतं. खाली पोकळी राहिली तर ठोकल्यावर टाइल बद्द वाजते आणि एखादा वरवंटा पडायची वाट बघत बसते. गंमत म्हणजे बाथरूममध्ये, बाल्कनीत, जिथे ढाळ हवा, तिथे मात्र हीच जमीन हमखास सपाट निघते.

तेव्हा शोरूमला जाण्याआधी रिकाम्या खोलीत पाणी ओता आणि ते कुठे साचतं ते खडूने आखून ठेवा. खाली कुणी राहत असेल तर तांब्याभरच पुरे. आणि त्या खळग्यांचा खर्च टाइलच्या बजेटातून आधीच वजा करा; मोरबीचं इटालियन उरलेल्या पैशांत बघता येईल.