इंजिन डिक्कीत!

"काकू, कोपऱ्यावरच्या घरातून रातभर वेल्डिंगचा उजेड काहून पडून राह्यला हो? झोप नाई आली."

"अवं बाई, तुले मालूमच नाई? त्याइचं पोट्टं बडनेऱ्याच्या कॉलेजातून सुट्टीत आलं, तं स्पोर्ट्स कार बनवून राह्यलं. भंगारातून मारुती ८०० आणली."

"आठशेची स्पोर्ट्स कार? माय वं!"

"हासू नको. तुह्ये काका एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झाले, आता रोज तठीच बसतात. ते सांगत होते, आठशेचं इंजिन, गिअरबॉक्स अन् पुढच्या चाकाचं सामान एकाच जागी राह्यते. पोट्ट्यानं ते अख्खंच उचललं अन् सीटच्या मागं बसवलं. आता मागचे चाकं गाडी ढकलतात."

"म्हंजे डिक्कीत इंजिन! मंग अडलं कुठं?"

"ते चाकं पयले स्टेअरिंगचे होते नं, ते वयतात. रॉड लावून जाम करा लागते. गिअरची केबल लांबवा लागते. रेडिएटर पुढं, इंजिन मागं, मंधात हे एवढाले पाइप. आपल्या अकोल्यात मे महिन्यात ४५ डिग्री! पाणी उकयलं का गाडी रस्त्यातच चहा पाजन."

"पण पासिंग होईन का?"

"कुठची! नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या ठिकाणी पास व्हा लागते. सांगलीकडचे देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात? यशवंतराव चव्हाणांच्या गावचे. पोरासाठी भंगारातून जीप बनवली, फटफटीसारखी किक मारून चालू होये. साठेक हजार लागले. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा म्हणाले, गाडी नियमात बसत नाई, पण हुशारी भारी. जानेवारीत नवी बोलेरो देल्ली अन् ते गाडी ठेवून घेतली."

"मंग यालेही भेटन एखादी!"

"बोलेरोच्या आशेनं गाडी नाई बनत बाई. अन् फुलसावंगीचं पोट्टं विसरली? इथं यवतमाळ जिल्ह्यातलं. पत्र्याचं काम करे, हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणीतच पंख्याचं पातं डोक्याले लागलं, गेलं. चोवीस वर्षांचं."

"अरे देवा! हुशारी त्याचीही काय कमी होती?"

"म्हणूनच काकाइनं अट घातली. पिथमपूरले कॉलेजच्या पोट्ट्याइची बाहा स्पर्धा होते नं, तठी ब्रेक दाबल्यावर चारी चाकं जाम झाले तरच गाडी पुढं जाते. तसंच इथं. ब्रेक पास झाल्याशिवाय रंग लावाचा नाई, अन् चालवाची ते मैदानात, हेल्मेट घालून."

"अन् त्याची माय काय म्हणते?"

"ते म्हणते, एवढा खर्च केला अन् सीटा दोनच? आम्ही का टपावर बसाव?"

"दोनच? मंग दुसरी कोणासाठी हो काकू?"

"हयू बोल! तेच सांगाले तं कवाची उभी हावो."