निःपक्षपाती काका

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमचे एक काका राहतात. मराठी मंडळाच्या गणपतीत, आरती संपून प्रसाद हातावर पडेपर्यंतच्या वेळात ते शेजारच्याला विचारतात, "काय हो, विल्सन तुमच्याकडे कितवा?" नवख्या माणसाला वाटतं, आपल्या ऑफिसातल्या कुणाची चौकशी चाललीय. चौकशी असते ती १९२४ साली वारलेल्या वूड्रो विल्सनची.

माजी अध्यक्षांना गुणानुक्रमे लावायचं हा अमेरिकेतला जुना छंद. आर्थर श्लेसिंजर या हार्वर्डच्या इतिहासकाराने १९४८ साली ५५ तज्ज्ञांची मतं घेऊन यादी केली, ती 'लाइफ' मासिकात आली आणि भांडणाला तोंड फुटलं. १९६२ साली त्याने पुन्हा मतं मागवली, तेव्हा गादीवर बसलेल्या केनेडीलाही कागद पाठवला. म्हणजे परीक्षार्थीच्याच घरी पेपर तपासायला! केनेडीने तो भरला नाही. काकांच्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम निर्णय.

काका स्वतःला पक्षातीत समजतात. लेक डेमोक्रॅट, निवडणुकीत दारोदार फिरणारी. मंडळाचे खजिनदार कट्टर रिपब्लिकन. "प्राध्यापक सगळे डेमोक्रॅट, त्यांच्या याद्यांना काय अर्थ?" असं खजिनदार म्हणतात, तेव्हा काका त्यांना २००० सालची गोष्ट ऐकवतात. त्या साली फेडरलिस्ट सोसायटी आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांनी डावे-उजवे मुद्दाम तोलून ७८ तज्ज्ञ निवडले. वर आले कोण? वॉशिंग्टन, लिंकन आणि फ्रँकलिन रुझवेल्ट, नेहमीचेच यशस्वी. रेगन आठवा. खजिनदारांना आठवा नंबर कमी वाटतो, लेकीला फार वाटतो. आणि काकांना ती पद्धतच मान्य नाही. "निम्मे डावे, निम्मे उजवे घेतले म्हणजे निःपक्षपात नाही झाला," ते म्हणतात, "दोन पक्षपात झाले."

त्यांना त्याहून चीड येते ती मेलेल्या माणसांच्या बढतीची. ग्रँट १८८५ साली गेला. श्लेसिंजरच्या दोन्ही याद्यांत तो नापास. सी-स्पॅन या वाहिनीच्या यादीत २००० साली ३३वा आणि २०२१ साली २०वा! "या एकवीस वर्षांत त्याने केलं काय?" काका विचारतात. केलं काहीच नाही. काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्कासाठी त्याने कू क्लक्स क्लानवर सैन्य धाडलं होतं, ते इतिहासकारांना उशिरा महत्त्वाचं वाटू लागलं. त्याच काळात विल्सन सहावरून तेरावर घसरला, कारण त्याच्या राज्यात सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कारकुनांना वेगळं बसवलं गेलं होतं. काका पूर्वी पाहुण्यांना प्रिन्स्टनला नेऊन विल्सनच्या नावाची संस्था कौतुकाने दाखवत. विद्यापीठाने २०२० साली ते नाव काढलं. काका अजून पाहुण्यांना नेतात, आता काढलेलं नाव दाखवायला.

अखेर काकांनी स्वतःची पद्धत काढली, दहावीच्या बोर्डासारखी. पेपरावर नाव नाही, नुसता बैठक क्रमांक. प्रत्येक अध्यक्षाचं एक कार्ड. त्यावर कामगिरी लिहायची, नाव आणि पक्ष गाळायचा. परीक्षक दोन: लेक आणि खजिनदार. गुण दहापैकी.

निकाल भयंकर लागला. संरक्षणखर्च वाढवणाऱ्या, आयकर कमी करा म्हणणाऱ्या आणि रशियाला न बधणाऱ्या अध्यक्षाला खजिनदारांनी नऊ दिले. तो केनेडी निघाला. पर्यावरण-संरक्षणाची सरकारी यंत्रणा उभारणाऱ्या, महागाईत दर आणि पगार गोठवणाऱ्या, चीनशी बोलणी करणाऱ्याला लेकीने आठ दिले. तो निक्सन. "बाबा, यात वॉटरगेट कुठाय?" ती ओरडली. "ते लिहिलं तर नाव झाकून उपयोग काय?" हे काकांचं उत्तर. त्याच न्यायाने लिंकनच्या कार्डावरून गुलामगिरी वगळली गेली होती. उरलं ते असं: शेतकऱ्यांना जमिनी दिल्या, रेल्वेला जमिनी दिल्या, खटल्याविना माणसं डांबली, देशात पहिल्यांदा आयकर बसवला. आयकर वाचून खजिनदारांनी पुढचं-मागचं न बघता दोन गुण दिले. त्यांच्याकडून दहापैकी दहा मिळाले एकालाच. कार्डावर एवढंच होतं: 'कारभार ३१ दिवस. कोणताही नवा कर नाही.' तो विल्यम हेन्री हॅरिसन. १८४१ साली शपथ घेतली आणि महिन्याभरात वारला.

निक्सनला आठ मिळालेले काकांना सहन झाले नाहीत. रातोरात त्याचं कार्ड पुन्हा लिहिलं गेलं. पहिली ओळ: 'डिसेंबर १९७१, एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात धाडली.' त्या डिसेंबरात काका मुंबईत खिडक्यांना काळे कागद चिकटवत होते. काकूंनी कार्ड चष्म्याजवळ नेलं. "अहो, हे नाव झाकलंय की उघडं केलंय?" मग त्यांनी जॉन्सनचं कार्ड उचललं. वर ठळक अक्षरात १९६५चा कायदा, ज्याने देशवार कोटे उठले आणि काकांसारख्या इंजिनियरांना अमेरिकेचं दार उघडलं. "आणि व्हिएतनाम?"

"मागच्या बाजूला आहे."

"आणि दुष्काळात आपल्याला एकेका बोटीचा गहू मोजून पाठवायचा, ते?"

"जागा उरली नाही."

मला विचाराल तर काकूच या घरातल्या एकमेव परीक्षक. पण त्यांना कुणी कार्ड दिलेलं नाही.

वाद हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून काकांनी वर आणखी एक नियम केला आहे: पायउतार होऊन पन्नास वर्षं झाल्याशिवाय कुणाला गुण नाहीत. त्यामुळे मंडळात शांतता राहते आणि हल्लीच्यांची नावं आरतीच्या वेळी निघत नाहीत. मुळात हा नियम साठ वर्षांचा होता. पण निक्सन १९७४ साली पायउतार झालेला. साठच्या हिशेबाने तो हाती लागेना, म्हणून दहा वर्षं कमी केली. खजिनदारांची तक्रार आहे की यात रेगन लटकला. तो जानेवारी १९८९ मध्ये पायउतार झाला, तेव्हा त्याचं कार्ड जानेवारी २०३९ मध्ये लिहिलं जाईल. कुणाच्या काही सूचना असतील तर आत्तापासून पाठवा. काका त्या स्वीकारत नाहीत, पण वाचतात सगळ्या.