मावा, तुडतुडे आणि ठकू

बागकामाची पुस्तकं लिहिणाऱ्यांची मुलं मोठी होऊन परगावी गेलेली असतात, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. ‘बी पेरल्यावर कुंडी उन्हात, पण कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावी’ असं दुसरं कोण लिहील? धक्का न लागणारी आमच्या घरात एकच जागा आहे, माळा. तिथे ऊन येत नाही.

या पुस्तकांच्या शेवटी किडींचं प्रकरण असतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, नागअळी. प्रत्येकीचा जीवनक्रम, नुकसानीचा प्रकार आणि उपाय. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या टेरेसवरची मुख्य कीड मात्र या यादीत नाही. उंची सुमारे ८२ सेंटिमीटर, वजन साडेदहा किलो. पूर्ण वाढ झालेली नाही, तरी दोन पायांवर भरधाव फिरते. उपद्रव सकाळी सातपासून दुपारच्या झोपेपर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. कोवळी पानं, कळ्या, हिरवी फळं, मातीचा वरचा थर आणि कुंडीतली नावाची पट्टी, काहीही वर्ज्य नाही. पिवळ्या चिकट सापळ्यात सापडते, पण सापळ्यासकट घरात येते आणि तो सोफ्याला लावून मोकळी होते. निंबोळी अर्काचा परिणाम शून्य, उलट फवाऱ्याची बाटली आवडते. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, घरात सगळे ठकू म्हणतात.

बागेची कल्पना तिच्या बापाची. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांच्याबद्दल त्याने कुठेतरी वाचलं. सामान्य माणसाने आपल्या अंगणातच प्रयोग करावेत, दारात पडणाऱ्या उन्हाची मोजदाद ठेवावी, कळेल ते चार जणांना सांगावं, हे त्याला इतकं पटलं की पुढच्या रविवारी आम्ही उरळी कांचनच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. “ठकूला माती कळली पाहिजे,” तो गाडीत म्हणाला. ठकूला माती कळायला मुळीच वेळ लागला नाही. ती थेट चवीवरच गेली.

डॉक्टरांना विचारलं. अंगात लोह कमी असलं तर मुलं माती खातात, म्हणून त्यांनी हिमोग्लोबिन तपासून घेतलं. ते ठीक निघालं. “या वयात सगळी मुलं सगळंच तोंडात घालून बघतात,” ते म्हणाले. “घरात झाडं कुठली आहेत ते सांगा.” त्याच संध्याकाळी वास्तुशांतीला आहेर म्हणून आलेला डिफेनबाखिया घराबाहेर गेला. मोठ्या ठिपकेदार पानांचं देखणं झाड, पण पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. देणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. कण्हेर तर त्याहून वाईट, तिचा प्रत्येक भाग विषारी. या बाबतीत मला विनोद सुचत नाही.

ठकूला सांभाळायला सासूबाई कोरेगावहून आल्या. त्यांच्या माहेरी आणि सासरी मिळून काही एकर जमीन आहे, त्यामुळे टेरेसवरच्या पिशव्या पाहून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग एकेक चौकशी सुरू झाली. “ही माती इकत आणली?” हो. “आन ह्यो नारळाचा भुसा?” तोही. “श्याण?” शेणखतही, पिशवीतून. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. “ऊन तेवढं फुकट हाय, का त्येचंबी बिल येतंय?”

१० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, अंगणवाडीत ठकूला अल्बेंडाझोलची गोळी चुरून दिली. दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धीच देतात. नेमका त्याच दिवशी नवरा खताच्या डब्यासाठी अर्धा किलो गांडुळं घेऊन घरी आला. सासूबाई डब्यात डोकावल्या, नातीच्या पोटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. “सकाळी औषीद घालून किडं मारायचं, आन सांच्याला पैसं दिऊन किडं आणायचं,” एवढंच म्हणून त्या भाकरी थापायला गेल्या.

त्यांनी आम्हाला धने पेरायला शिकवलं. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्याआधी तो रगडून त्याच्या दोन फाकी कराव्या लागतात. सासूबाईंनी धने फरशीवर पसरले आणि चपलेने हलके हलके रगडले. पद्धत बिनतोड. ठकूने ती एकदाच पाहिली आणि तेव्हापासून आमच्या घरात चप्पल हे शेतीचं अवजार झालं आहे. तिने शेंगदाणे रगडले, पोहे रगडले, मग बापाचा चष्मा रगडला. त्याच्याही दोन फाकी झाल्या.

कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस तरी घेते. टोमॅटो, मिरची यांना फळं धरण्याचं तर बोलायलाच नको. इतका दम ठकूला नाही. ती दर सकाळी कुंडी उकरायची, बी बाहेर काढून “आलं?” असं त्यालाच विचारायची आणि पुन्हा पुरायची, शक्यतो शेजारच्या कुंडीत. नावाच्या पट्ट्या म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. त्या ती गोळा करून आपल्या मर्जीने वाटायची, त्यामुळे काही आठवडे आमच्याकडे ‘वांगी’ असं लिहिलेल्या कुंडीतून पालक येत होता. या सगळ्यात टिकून राहिली ती मेथी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वर काढते, तीन-चार आठवड्यांत खायला होते आणि दाट पेरलेली असली तर मुठी मुठीने उपटली गेली तरी कळत नाही. शिवाय मुळासकट उपटणं ही मेथीच्या बाबतीत नासधूस नसून काढणी असते. घरात लहान मूल असेल आणि बागेची हौस आली असेल तर आधी मेथी लावा. गुलाबाचा विचार मूल शाळेत जायला लागल्यावर करता येईल.

नवऱ्याला मात्र मेथीत पुरुषार्थ दिसेना. त्याने जीवामृत करायला घेतलं. सुभाष पाळेकरांच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती लागते. नवऱ्याने त्रैराशिक मांडून ते सगळं २० लिटरच्या बादलीत बसवलं. बांध नव्हता, म्हणून सोसायटीतल्या आंब्याखालची माती घेतली. गूळ आणि बेसन बाहेर निघालेलं पाहून ठकू मांडी घालून बादलीसमोर बसली. तिच्या आजवरच्या अनुभवात या दोन वस्तू एकत्र आल्या की शेवटी काहीतरी गोड वळलं जातं. मग शेण पडलं. तिने बापाकडे वर मान करून पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्या हातचा घास हुंगल्याशिवाय तोंडात घेत नव्हती.

मिश्रण ४८ तास सावलीत ठेवून अधूनमधून काठीने ढवळायचं असतं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका आले. सभ्य माणूस. “तुमच्याकडे ड्रेनेजचं काही...” एवढं बोलून ते थांबले. ठकू माझ्या पायामागून पुढे झाली, टेरेसकडे बोट केलं आणि म्हणाली, “बाबा. शी.” तिचे बहुतेक शब्द अजून फक्त घरच्यांनाच कळतात. हे दोन नेमके स्पष्ट आले.

पाणी घालणं हे तिचं राखीव खातं. झाडांना, चपलांना, खुर्चीला, बापाच्या झोपलेल्या पायाला, सर्वांना समान पाणी. मोगऱ्याची पानं पिवळी पडली तेव्हा नर्सरीवाल्याने कुंडी तिरकी करून पाहिली आणि सांगितलं, “ताई, नव्या लोकांची झाडं तहानेनं मरत नाहीत, बुडून मरतात.” मग एक दिवस झारीतून पाणीच येईना. वामनाला दान देताना बळीने पाणी सोडू नये म्हणून शुक्राचार्य बारीक होऊन झारीच्या तोंडाशी बसले आणि वामनाने दर्भाची काडी खुपसून त्यांचा डोळा फोडला, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे ही दोन्ही कामं एकाच बुटक्या मूर्तीने अंगावर घेतली होती. झारी तिनेच तुंबवली आणि उदबत्तीची काडी घेऊन खुपसायलाही तीच बसली. आत नवऱ्याचा हरवलेला इअरबड निघाला. तो वाळवला, तांदळात ठेवला, पण तो काही पुन्हा बोलला नाही.

घरात ठकूच्या आवाजाने न दचकणारी फक्त गांडुळं. याला शास्त्राचा आधार आहे. चार्ल्स डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली. त्यासाठी घरातच कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली, त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, बसून नावाचं खर्जातलं मोठं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला, वर ओरडूनही पाहिलं. गांडुळं ढिम्म. मात्र कुंडी पियानोवरच ठेवून सूर दाबला, तेव्हा ती झटकन बिळात गेली. त्यांना कान नाहीत, पण हादरा कळतो. हे वाचल्यापासून मला डार्विनसाहेबांबद्दल आदर आहेच, पण त्याहून जास्त जिव्हाळा त्यांच्या घरच्यांबद्दल वाटतो. त्या घरातही कुणीतरी दुपारी जरा आडवं व्हायला गेलं असेल. ठकूने तो प्रयोग स्वतंत्रपणे केला. आधी डब्यात तोंड घालून ओरडली, काही नाही. मग स्टीलचं पातेलं आणून डब्याच्या कडेवर हाणलं. वर आलेली दोन-तीन गांडुळं चटकन खाली गेली. तिने पुन्हा हाणलं. संध्याकाळपर्यंत निष्कर्षाची खातरजमा चालू होती. डार्विनच्या घरी निदान पियानो होता.

एव्हाना टेरेसवर एक रेषा उमटली. शेळ्या चरून गेलेल्या बाभळीला खालून जशी सरळ कड दिसते, तशी. ठकूचा हात पोचतो तिथपर्यंत नुसते देठ, त्याच्या वर झाड. हिरव्या टोमॅटोंची तोडणी खाली आटोपलेली, वर मात्र ते लाल होईपर्यंत टिकतात. ही रेषा दर महिन्याला थोडी वर सरकते. दवाखान्यातल्या वाढीच्या तक्त्यापेक्षा मला तीच भरवशाची वाटते.

पावसाळ्याच्या तोंडाशी सासूबाई गावी जाऊन आल्या, त्या कमरेच्या पिशवीत वाघ्या घेवड्याची पुडी घेऊनच. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दाण्यावर वाघासारखे तांबूस पट्टे. ठकूच्या हातात त्यांनी कौतुकाने चार दाणे दिले आणि बोटाने मातीत खळगा कसा करायचा ते दाखवलं. तीन दाणे पेरले गेले.

“चौथा कुठाय गं?” सासूबाईंनी विचारलं. ठकूने नाकाकडे बोट केलं.

पुढची दहा मिनिटं तिच्या बापाने चिमटा शोधण्यात घालवली आणि तो न मिळाल्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते, कारण घरी चिमट्याने काढायला जाल तर दाणा आणखी आत जातो. नवरा म्हणाला, नाकात पाणी सोडू या, वाहून येईल. सासूबाईंनी त्याचा हात धरला. “घेवडा भिजला की फुगतो, ठावं हाय न्हवं?” बी रुजायला ओल, ऊब आणि हवा लागते, हे आम्ही सगळ्यांनी नुकतंच वाचलं होतं. नाकात तिन्हींची उत्तम सोय असते.

दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्च मारला, हसू दाबलं आणि मला म्हणाले, “अवजार नंतर बघू. आधी तुम्ही फुंकर मारा.” तिच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एकच जोराची फुंकर आत सोडायची. मला वाटलं, माझी समजूत घालायला काहीतरी काम देत आहेत. पण ही खरीच वैद्यकीय पद्धत आहे. हवेला दुसरी वाट नसल्यामुळे ती अडकलेल्या नाकपुडीतून बाहेर पडते. दुसऱ्या फुंकरीला वाघ्या घेवडा माझ्या गालावर येऊन आपटला. ठकू खदखदून हसली आणि म्हणाली, “पुन्ना.”

मी तो दाणा कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी तो उचलला, पदराला पुसला आणि कनवटीला लावला. घरी आल्यावर तो इतर तिघांच्या ओळीत गेला. चारही उगवले. बियाणं वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर ज्याची उगवणशक्ती इतकी कसून तपासली गेली आहे असं दुसरं बियाणं आमच्याकडे नव्हतं.

गणपतीनंतर शेंगा वाळल्या. आम्ही सगळे टेरेसवर परात घेऊन सोलायला बसलो. सासूबाईंनी पुढच्या वर्षीचं बी आधी बाजूला काढलं, मग आमटीचं. आमटी एकवेळची होईल एवढेच दाणे. नवरा एकेक दाणा बोटांत फिरवून पाहत होता. “आई, त्या नाकातल्याचं झाड कुठलं होतं?”

“खायचंय तर खा,” सासूबाई म्हणाल्या.

ठकू परातीजवळ बसून दाणे या हातातून त्या हातात करत होती. सगळ्यांची नजर तिच्या नाकावर खिळलेली होती, त्यामुळे कानाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.