पडद्यामागची सेवा

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर हल्ली भिंतभर स्मार्ट टीव्ही असतो. मालक शनिवारी उगवणार, म्हणून त्यावरच्या ॲपने आठवडाभर पडद्यामागे जागायचं. टीव्हीतल्या अँड्रॉइडला हे लाड मान्य नाहीत. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून मागे गुपचूप चालणाऱ्या सेवेला ते लवकरच गचांडी देतं. चालायचंय? मग सूचना लावून उघडपणे चाला! एवढं करून तगलेल्या सेवेचा निकाल पावसाळ्यात गेलेली लाईट लावते. (इथल्याच खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून, भिवपुरीच्या केंद्राने १९२२ पासून मुंबई उजळली, हा भाग वेगळा.) मग मालकाचा फोन: "अरे, ॲप बंद दिसतंय, टीव्ही लाव जरा." राखणदार छत्री घेऊन निघतो. त्याच्या वाडीत अजून लाईट आलेली नसते.